दसऱ्याला वायफाय ७ चा राउटर आणला, वेग मात्र ९४ च

वांगणी_फास्ट
३ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४२

काल मुहूर्तावर नवा राउटर घरी आला. झेंडू वाहिला, आपट्याचं पान ठेवलं आणि मगच प्लग लावला. खोक्यावर ठळक 'वायफाय ७' आणि खाली 'बीई ३६००'. माझा हिशेब सरळ होता: ३६०० म्हणजे ३६०० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, इंटरनेटच्या वेगाचं माप). माझा प्लॅन ३०० चा. आधीच्या राउटरवर, तो वायफाय ५ पिढीतला एसी १२०० होता, कायम नव्वद-ब्याण्णव-चौऱ्याण्णव मिळायचे. वाटलं, म्हातारा झालाय बिचारा.

नव्यावर पहिली टेस्ट मारली, ९४. परत मारली, ९३.८. राउटरच्या पुढ्यात पाट टाकून बसलो तरी ९४. बायको म्हणाली, "आपट्याचं पान काढून बघ, मध्ये येत असेल."

फोन २०२० सालचा आहे. दुकानदार म्हणाला होता, तीन बँडवाला (२.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ या तिन्ही लहरींच्या पट्ट्यांवर चालणारा) घेऊ नका, ६ गिगाहर्ट्झ आपल्याकडे सध्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये, बंद आहे, पैसे वाया जातील. मग ६ गिगाहर्ट्झ नाही, फोन जुना, तर वायफाय ७ म्हणून मी नक्की काय विकत घेतलं? परत करायला सात दिवस आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आणखी एक. राउटर बंद करून चालू केला की २.४ चं नाव लगेच दिसतं, ५ चं मिनिटभर दिसतच नाही. बिघडलेला पीस आलाय का?

---

खटपट्या
४ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

९४ हा आकडा दिसला की मला पुढचं काही विचारावं लागत नाही. तुमचा राउटर निर्दोष आहे, फोनही निर्दोष आहे. तुमच्या वाटेत कुठेतरी शंभरचं दार आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमधून, म्हणजे वायरच्या जोडणीतून, माहितीभोवतीचं वेष्टण वजा जाता हातात ९४ च्या आसपासच पडतात, ना कमी ना जास्त. वायफायचा वेग कधी इतका स्थिर नसतो. तो ८०, १३०, ११० असा उड्या मारतो. स्थिर ९४ म्हणजे वायर.

जुन्या राउटरचं सांगतो. एसी १२०० जातीच्या कित्येक स्वस्त राउटरांना मागचे पोर्टच १०/१०० चे, म्हणजे फार तर १०० वेगाचे, असतात. हवेतून ८६७ ची बढाई आणि मागे शंभरचं भोक. नव्याला गिगाबिट (१००० वेगाचा) पोर्ट असणारच, म्हणजे आता संशय केबलवर. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन 'वॅन पोर्ट'चा, म्हणजे इंटरनेटची केबल आत येते त्या पोर्टचा, वेग बघा. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर चोर सापडला.

३६०० चं गणित: २.४ चे ६८८ अधिक ५ चे २८८२, बेरीज ३५७०, वर ढकलून ३६००. घरातल्या दोन नळांची धार मोजून बेरीज एकाच बादलीवर लिहावी तसं. एसी १२०० सुद्धा तसंच, ३०० अधिक ८६७. आणि हे कागदावरचे वेग. तुमच्या फोनला ८६७ चा दुवा मिळाला तर प्रत्यक्ष पाच-साडेपाचशे मिळतात. ३०० च्या प्लॅनला तो जुना फोन रग्गड आहे.

५ चं नाव उशिरा दिसणं: १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लावला असेल. तेवढी जागा ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारच्या आळीत घुसल्याशिवाय मिळत नाही. म्हणून राउटर आधी मिनिटभर कान देतो, रडार आहे का बघतो, मग बोलायला लागतो. पीस चांगला आहे.

---

सांजवारा
४ ऑक्टोबर, सकाळी ९:०३

अवांतर आहे, पण विचारते. आमच्याकडं, कोल्हापुरात, उलटी तऱ्हा. राउटर नवा घेतला आणि वॉशिंग मशीन रुसली. जुन्यावर छान जोडलेली होती. आता ॲप म्हणतंय 'नेटवर्क सापडलं नाही'. सोलर इन्व्हर्टरचा डोंगल पण तसाच. मशीन घेऊन तीन वर्षं पण झाली नाहीत, म्हणजे जुनी कशी म्हणायची? कस्टमर केअरवाला म्हणाला, राउटर बदला. राउटरवाला म्हणाला, मशीन बदला. मी म्हटलं, नवरा तेवढा ठेवते, बाकी बदलते.

---

खटपट्या
४ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

ताई, मशीन तीन वर्षांची असली तरी तिच्या पोटातली वायफायची चिप बहुधा वायफाय ४ ची, फक्त २.४ वर चालणारी. वायफाय ४ म्हणजे ८०२.११एन, मंजुरी २००९ ची. बल्ब, प्लग, गीझर, इन्व्हर्टर सगळ्यांची हीच कथा. २०१४ मध्ये ईएसपी ८२६६ नावाची चिनी चिप आली आणि कोणत्याही वस्तूला वायफाय चिकटवणं कवडीमोल झालं. तिला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही. मशीनला 'धुणं झालं' एवढंच सांगायचंय, त्यासाठी महागडा रेडिओ कोण घालेल? शिवाय २.४ भिंतीतून लांब जातं, आणि मशीन असते बाथरूमच्या कोपऱ्यात.

नव्या राउटरने तुमच्याकडे दोन उद्योग केले असतील. दोन्ही बँडना एकच नाव दिलं, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए ३ या पासवर्डच्या नव्या पद्धतीवर नेली. मशीनला डब्ल्यूपीए २ च्या पुढचं कळत नाही. मुख्य नेटवर्कला हात लावू नका, वायफाय ७ ची खरी करामत डब्ल्यूपीए ३ शिवाय चालू होत नाही. पाहुण्यांचं म्हणजे गेस्ट नेटवर्क चालू करा, फक्त २.४, डब्ल्यूपीए २, वेगळं नाव. यंत्रं सगळी तिकडे ढकला.

---

संकासूर
४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

सगळा कंपन्यांचा धंदा. ५ घेतला की ६, ६ घेतला की ६ई, आता ७. आमचं घर चिऱ्याचं आहे, राजापूरजवळ. माजघरात राउटर, पडवीत गेलं की सिग्नल संपला. चार, पाच, सहा, काहीही आणा, चिऱ्याच्या भिंतीला तुमचे आकडे वाचता येत नाहीत. २००७ साली मुंबईहून एक जी वाला राउटर आणला होता, तो पडवीपर्यंत तरी पोचायचा.

---

उत्रेख्तची_सायकल
४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५५

संकासूर, आकडे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आले. त्याआधी लोकांना ८०२.११एन, एसी, एएक्स अशी बाराखडी पाठ करावी लागे. दुकानात जाऊन 'एसी द्या' म्हटलं तर थंड हवेचं यंत्र दाखवायचे. आकडे आल्यावर निदान सात हा सहापेक्षा नवा एवढं तरी कळतं. मला तरी ती सोय वाटते, धंदा असला तरी.

मी राहते त्या नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला लागूनच न्यूवेखाइन गाव आहे. ट्रामने जाता येतं. दिसायला अगदी सपक, एक मॉल आणि एक कालवा. पण वायफायचं बारसं झालं त्याआधीची बाळंतीण हीच. एनसीआर कंपनी दुकानातल्या गल्ल्यांची यंत्रं बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की दर वेळी वायरी उखडाव्या लागत, म्हणून बिनतारी गल्ला करायला इथल्या इंजिनिअरांना बसवलं. अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे विनापरवाना खुले केले होते, ते हाताशी होतेच. त्यातून वेव्हलॅन नावाचं बिनतारी नेटवर्क आलं. याच टोळीतले व्हिक हेज १९९० पासून दहा वर्षं वायफायचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष. १९९७ ला पहिलं स्टँडर्ड निघालं, वेग २ एमबीपीएस!

मला यातली मजेची गोष्ट १९९९ ची वाटते. त्या वर्षी एकदमच दोन भावंडं मंजूर झाली. 'ए' ५ गिगाहर्ट्झवर, ५४ चा वेग. 'बी' २.४ वर, ११ चा. हुशार भाऊ हरला. त्याच्या चिपा उशिरा आल्या, महाग आल्या. 'बी' मात्र ॲपलने जुलै १९९९ मध्ये आयबुक लॅपटॉपमध्ये घातला, ९९ डॉलरचं कार्ड आणि २९९ चं बेस स्टेशन. स्टीव्ह जॉब्सने लॅपटॉपभोवती हुलाहूपची रिंग फिरवून दाखवली, कुठे वायर नाही बघा म्हणून. २००३ ला 'जी' आला तो ५४ चा वेग घेऊन, पण 'बी' च्याच आळीत, 'बी' शी बोलू शकणारा. तुमचा पडवीपर्यंत पोचणारा तो हाच. जुन्याशी बोलणं तोडलं नाही म्हणून चालला.

---

संकासूर
४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

माहिती रोचक, मान्य. पडवी तरी कोरडीच.

---

रेडिओआप्पा
५ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

मंडळी, ६ गिगाहर्ट्झचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. या पट्ट्याशी माझं जुनं नातं आहे. माझी उमेदीची वर्षं जुन्नर तालुक्यातल्या आर्वीच्या विक्रम भूकेंद्रात गेली. १९७१ साली सुरू झालेलं ते देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र. जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारा आमचा आवाज ५.९२५ ते ६.४२५ गिगाहर्ट्झच्या दरम्यान असे, आणि उपग्रहाकडून येणारा ४ च्या आसपास. आजही कितीतरी दूरचित्रवाणी वाहिन्या याच पट्ट्यातून वर चढतात. तुम्ही आज वायफायसाठी मागताय तोच हा पट्टा. दुकानदार 'बंद आहे' म्हणाला, पण तिथे आधीपासून बिऱ्हाड आहे.

(गंमत म्हणजे आमच्या आर्वीजवळच खोडदला पुढे मोठी रेडिओ दुर्बीण आली. एक डिश आकाशाशी बोलणारी, शेजारच्या तीस नुसत्या ऐकणाऱ्या. त्यांच्या लहरी वेगळ्या, म्हणून भांडण झालं नाही.)

आपल्याकडे सगळं उशिरा पण क्रमाने झालं आहे. २.४ चा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ चे पट्टे आधी घरातल्या वापरापुरते, मग ऑक्टोबर २०१८ मध्ये घराबाहेरही, मिळून ६०५ मेगाहर्ट्झ. ६ च्या पट्ट्यावर दोन दावेदार. मोबाइल कंपन्यांना तो हवा लिलावाने, ५जी आणि पुढच्या ६जी साठी. इंटरनेट आणि उपकरणवाल्यांना हवा फुकट, वायफायसाठी. भांडण वर्षानुवर्षं चाललं. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मसुदा काढला: खालचे ५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५९२५ ते ६४२५, घरात कमी शक्तीने आणि बाहेर अत्यल्प शक्तीने विनापरवाना. वाहनात, नावेत, समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर नाही. आज, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो नुसता मसुदा आहे, कायदा नव्हे, हे ध्यानात असू द्या.

---

खटपट्या
५ ऑक्टोबर, सकाळी ८:२२

आप्पा, आदर ठेवून असहमत. घरातल्या भिंतीआड ठेवलेला राउटर उपग्रहाला त्रास देतो हे मला पटत नाही. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले, युरोपने २०२१ मध्ये ४८०. त्यांचे उपग्रह पडले का? आपण पाच वर्षं चर्चा करत बसलो आणि ग्राहकाला काय मिळालं? प्लेस्टेशन ५ प्रो हा सोनीचा गेम खेळायचा डबा २०२४ मध्ये भारतात आलाच नाही. सोनीने स्वतः सांगितलं, त्यात वायफाय ७ आहे आणि इथे ६ गिगाहर्ट्झ चालत नाही म्हणून. आयफोन, सॅमसंगचे महागडे फोन येतात, पण त्यांचा ६ चा कान इथे बंद करून. पैसे पूर्ण.

---

रेडिओआप्पा
५ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

एका राउटरने त्रास होत नाही हे मी मानतो. कोट्यवधी राउटर आणि प्रत्येकाची गळती, हा हिशेब वेगळा. म्हणूनच मसुद्यात शक्तीची मर्यादा आहे: घरात ३० डीबीएम (रेडिओच्या शक्तीचं माप), बाहेर १४. एवढ्यावर माझी हरकत नाही, उलट हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. माझा आक्षेप 'फुकटची जागा पडून आहे' या समजाला होता. रिकामी जागा रेडिओत नसते, शांत शेजारी असतात.

आणि वस्तूचा कान कापून विकणं नवं नाही. चीनने आपलं स्वतःचं वापी नावाचं स्टँडर्ड लादायचा घाट २००३ मध्ये घातला. २००९ मध्ये आयफोन तिथे अधिकृतपणे आला तो वायफायशिवाय! पुढच्या वर्षी वापीची सोय घातली, मग वायफायसकट आला.

---

उत्रेख्तची_सायकल
५ ऑक्टोबर, दुपारी २:४८

इथे ६ गिगाहर्ट्झ चालू आहे, माझ्या घरी आहे. सांगू का, फरक कुठे पडतो? वेगात मला तितका जाणवत नाही, शांततेत जाणवतो. आमच्या इमारतीत २.४ वर चाळीसेक नावं दिसतात, ५ वर वीस, ६ वर माझं एकटीचं. दुपारी चारच्या मीटिंगमध्ये आवाज तुटणं थांबलं. पण बाजूच्या खोलीत दार लावून बसलं की ते ६ संपतं आणि फोन गुपचूप ५ वर येतो. चिऱ्याच्या घरात तर नावच घेऊ नका.

वायफाय ७ चे ते जाहिरातीतले ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल फक्त ६ मध्येच मावतात. युरोपच्या ४८० मध्ये असा एकच बसतो. भारताचे ५०० झाले तरी एकच बसेल. तेव्हा दोन शेजाऱ्यांनी घेतला की झाली शांतता!

---

संकासूर
५ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

मग मी म्हणत होतो तेच. धंदा.

---

खटपट्या
५ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

धंदा असता तर सगळंच खपलं असतं की. वायजिग आठवतं का कोणाला? वायफायचंच भावंडं, ६० गिगाहर्ट्झवालं. वेग भन्नाट, हाताने अडवलं तरी तुटायचं, कोणी घेतलं नाही. वायमॅक्स या लांब पल्ल्याच्या बिनतारी इंटरनेटवर इंटेलने किती पैसा ओतला, २०१० ला अमेरिकेत त्याचा फोनही आला, आज मागमूस नाही. होमआरएफ, वायफायचा घरगुती स्पर्धक, २००३ मध्येच मेलं. लोक पैसे देतात ते सध्याच्या वस्तूंशी जुळतं त्यालाच. वायफाय ७ चा राउटर सांजवाराताईंच्या वॉशिंग मशीनशी बोलू शकतो, आणि २००३ च्या लॅपटॉपशीसुद्धा बोलेल. याच कारणाने टिकलाय.

अर्थात त्याची किंमत मोजावी लागते. हवा एकच, एका वेळी एकच बोलणार. मशीन हळू बोलते, तेवढा वेळ बाकीचे थांबतात. आजोबा गोष्ट सांगत असले की पंगत खोळंबते तशी.

पडवीचा उपाय राउटर नाही, वायर. भिंतीतून एक केबल न्या, टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधून आलेलं इंटरनेट तिथे वायफायने पसरवायला, लावा. रिपीटर (हवेतूनच सिग्नल घेऊन पुढे ढकलणारा डबा) घेऊ नका, तो त्याच हवेत दोनदा बोलतो.

---

सांजवारा
५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

झालं की हो! गेस्ट नेटवर्क, २.४, डब्ल्यूपीए २. मशीन पण आली, डोंगल पण आला. त्या नेटवर्कचं नाव 'गोठा' ठेवलं. सगळी जनावरं एकीकडं.

एक शंका. आमच्या सासूबाई म्हणतात, हे ५ गिगाहर्ट्झ म्हणजे ते ५जी, त्याने चिमण्या मरतात.

---

खटपट्या
५ ऑक्टोबर, रात्री ८:४१

'गोठा' आवडलं. सासूबाईंना सांगा, ५जी मधला ५ म्हणजे मोबाइलची पाचवी पिढी आणि हा ५ म्हणजे लहरींची गिगाहर्ट्झमधली मोजणी. आडनाव सारखं, नातं नाही. चिमण्यांचा विषय काढू नका, धागा भरकटेल. वांगणी_फास्ट गेले कुठे? केबल बघितली का?

---

वांगणी_फास्ट
६ ऑक्टोबर, रात्री १०:१७

आलो आलो. रविवार पूर्ण याच कामात गेला.

राउटरच्या पानावर वॅनसमोर स्पष्ट लिहिलेलं: १००. खटपट्या, पाय कुठे आहेत? मग केबलचा माग काढला. फायबरचा डबा दाराबाहेर शू रॅकच्या वर, राउटर हॉलमध्ये, मध्ये माळ्यावरून गेलेली केबल. माळ्यावर चढलो, गणपतीचं मखर बाजूला केलं, तर केबल तिथे अर्ध्यात फाटे फुटलेली. दोन वर्षांपूर्वी दाराला कॅमेरावाली बेल बसवली होती. त्या माणसाने नवी केबल ओढण्याचा कंटाळा केला आणि याच केबलमधल्या निळ्या आणि तपकिरी जोड्या सोडवून बेलला दिल्या. इंटरनेटला उरल्या नारिंगी आणि हिरवी. चारच तारा. म्हणजे दोन वर्षं मी ३०० चे पैसे भरून ९४ वापरत होतो, आणि बिचाऱ्या जुन्या राउटरला शिव्या घालत होतो.

---

खटपट्या
६ ऑक्टोबर, रात्री १०:२५

तो माणूस कलाकार आहे. पण जुन्या राउटरचे पोर्ट कसले होते तेही बघा. १०/१०० चे असतील तर तोही सहआरोपी.

---

वांगणी_फास्ट
६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

बघितले. १०/१००. दोघेही सामील!

गल्लीतल्या दुकानातून वीस मीटर नवी कॅट ६ केबल आणली, दुकानदारानेच टोकं बसवून दिली. टेस्ट: २९१. त्याच जुन्या फोनवर. बेडरूममध्ये दार लावून १८०, स्वयंपाकघरात गोदरेजच्या कपाटामागे ६०. ते कपाट आता हलणार नाही, सासऱ्यांनी दिलेलं आहे.

राउटर परत करावा का यावर घरात चर्चा झाली. साधा वायफाय ६ चा, एएक्स १५०० वाला, निम्म्या किमतीत मिळाला असता आणि या फोनला, या प्लॅनला तेवढाच उपयोगी पडला असता, हे आता कळतंय. पण पूजा झालेली वस्तू परत करायची नाही असा निकाल लागला. ठेवतोय. मुलगी पुढच्या वर्षी लॅपटॉप घेईल तेव्हा कामी येईल म्हणे.

---

रेडिओआप्पा
७ ऑक्टोबर, सकाळी ५:५८

शू रॅकवरच्या डब्याला हवा लागते का बघा. बंद कपाटात तापतात ते.

---

संकासूर
७ ऑक्टोबर, सकाळी ११:३४

वांगणी_फास्ट, तो जुना एसी १२०० टाकून देणार असाल तर मला द्या. आमच्याकडे प्लॅन ५० चाच आहे, शंभरचं दार चालेल. गवंड्याला विचारलं, चिऱ्याला भोक पाडायला दीड तास लागेल म्हणतो, आणि पाऊस पूर्ण थांबल्यावरच. दिवाळीनंतर ठाण्याला येतोय.

---

वांगणी_फास्ट
७ ऑक्टोबर, दुपारी १२:०२

घेऊन जा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. उरलेली चार मीटर केबलही देतो, आठही तारा शाबूत असलेली.